एका टनाला सहा टनर

आज सुरुवातीलाच एक गणित घालतो. एका शहरातलं वीस कोटी लिटर सांडपाणी रोज शुद्ध होऊन बाहेर पडतं. शेवटची पायरी म्हणून त्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्लोरीन सोडायचा आहे. रोज किती क्लोरीन लागेल? शून्यं नीट मोजली तर उत्तर येतं बरोबर १००० किलो. रोजचा एक टन.

आता दुसरा प्रश्न. क्लोरीन ज्या मोठ्या, आडव्या, पिवळ्या टाक्यांमधून येतो त्यांना आपल्याकडे सगळे 'टनर' म्हणतात. नावात टन असला तरी आत माल ९०० किलो असतो. तर मग एका वेळी किती टनर पाइपला जोडून ठेवावे लागतील? एक, फार तर दोन, असं कुणीही म्हणेल. अशा केंद्राचा नकाशा उघडून बघा, सहा दिसतील. आणि त्यांच्यासमोर, राखीव म्हणून, आणखी सहा.

वीस कोटी लिटर हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. नागपूरच्या पूर्वेला भांडेवाडीत सांडपाणी शुद्धीकरणाची दोन मोठी केंद्रं आहेत, एक १३ कोटी लिटरचं आणि एक २० कोटी लिटरचं (या धंद्यात दहा लाख लिटरला एक 'एमएलडी' म्हणतात, म्हणजे १३० आणि २०० एमएलडी). आपल्या शहराच्या मापाचं गणित करायचं म्हणून मी २० कोटी घेतले, एवढंच. तिथल्या मांडणीचं हे वर्णन नव्हे.

माझं पोट सॉफ्टवेअरवर भरतं, त्यामुळे हे सहा टनर बघून मला पहिल्यांदा आठवला तो आमच्या धंद्यातला जुना घोळ: डिस्क किती मोठी आहे आणि डिस्कमधून सेकंदाला किती डेटा बाहेर येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लोक पहिला विचारतात आणि अडकतात दुसऱ्यात. क्लोरीनचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचला तर तो जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. माल मिळणं कधीच फार अवघड नव्हतं. तो हळूहळू, मोजून, न थांबता कसा सोडायचा हे अवघड होतं.

शेलेने १७७४ साली हा वायू बनवला, डेव्हीने १८१० मध्ये त्याला नाव दिलं, ते आपण शाळेत पाठ केलेलं आहे. पाण्याच्या कामात तो आधी आला तो पावडरीच्या रूपात. ब्लिचिंग पावडर, जिला आपल्याकडच्या ग्रामपंचायतीत आजही 'टीसीएल' म्हणतात. इंग्लंडमध्ये मेडस्टन गावात १८९७ साली विषमज्वराची साथ आली तेव्हा सिम्स वुडहेड यांनी नळाच्या यंत्रणेत ही पावडर वापरली. १९०५ मध्ये लिंकन शहरात ह्यूस्टन यांनी पाण्यात क्लोरीनचं द्रावण सतत सोडायला सुरुवात केली. १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात जॉन लील यांनी तेच केलं आणि त्यावर कोर्टात खटलाही चालला. 'सतत' हा शब्द इथे महत्त्वाचा. साथ आली की ओता आणि गेली की विसरा, हे तोपर्यंत चालायचं. लिंकन आणि जर्सी सिटीपासून तो चोवीस तास चालणारा जॉब झाला.

गंमत म्हणजे सांडपाण्याला क्लोरीन देण्याचा प्रयोग पिण्याच्या पाण्याच्या आधीचा आहे. न्यूयॉर्क शहराला जिथून पाणी येत होतं त्या क्रोटन खोऱ्यात ब्रूस्टर नावाचं गाव आहे. त्या गावाची घाण शहराच्या पाण्यात जाऊ नये म्हणून १८९३ साली तिथल्या सांडपाण्यावर विजेने तयार केलेला क्लोरीन सोडला होता. वरच्या गावाची घाण खालच्या गावाच्या घशात, हा हिशेब तेव्हाही तोच होता.

पण पावडर ओलसर होते, तिचा जोर उतरतो, आणि मोठ्या शहराला ती पोत्यांनी लागते. वायू दाबून, द्रव करून लोखंडात भरता आला तर? जर्मनीत बीएएसएफ कंपनीत रुडॉल्फ क्नीच यांनी १८८८ साली ते करून दाखवलं होतं. कोरडा क्लोरीन साध्या तापमानाला लोखंडाला खात नाही, ओलाव्याचा थेंब आत गेला तर मात्र खातो. हा द्रव क्लोरीन पिण्याच्या पाण्यासाठी वापरावा ही कल्पना कागदावर आली ती थेट हिंदुस्थानातून, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले व्हिन्सेंट नेसफील्ड नावाचे लष्करी डॉक्टर. आतून शिशाचा थर दिलेलं लोखंडी भांडं, त्याला केसासारख्या बारीक छिद्राची तोटी, ते पाण्यात ठेवायचं, दहा-पंधरा मिनिटांत पाणी सुरक्षित, असं त्यांनी १९०३ मध्ये लिहिलं. छावण्यांमध्ये गोरे शिपाई विषमज्वराने मरत होते, त्यावरचा हा उपाय. परत बघा, कल्पनेचा जीव त्या बारीक छिद्रात आहे. १९१० मध्ये अमेरिकन सैन्यातल्या मेजर डार्नल यांनी सिलिंडरमधला क्लोरीन वापरून प्रत्यक्ष पाणी शुद्ध केलं, आणि दोनचार वर्षांत वायू मोजून सोडणारी यंत्रं बाजारात आली.

त्यानंतर पाचच वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममध्ये ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी जवळपास सहा हजार सिलिंडरच्या तोट्या एकदम उघडल्या. दीडशे टनांहून जास्त क्लोरीन काही मिनिटांत बाहेर. वरच्या गणिताच्या भाषेत, आपल्या शहराचा पाच महिन्यांचा साठा. वायू तोच, लोखंडही तसंच, बदलला तो फक्त वेग.

आता नागपूरला येऊ. १९५८ साली इथे सेंट्रल पब्लिक हेल्थ इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती 'नीरी' झाली. नीरी म्हटलं की आपल्याला हवेचं प्रदूषण आणि मोठे अहवाल आठवतात, पण संस्थेचं मूळ पाण्यात आहे, आणि माझ्या मते तिथल्या सगळ्यात सुंदर कामांपैकी एक म्हणजे दोन मडकी.

विहिरीत टीसीएल टाकली की पहिल्या दिवशी पाणी तोंडात धरवत नाही आणि चौथ्या दिवशी त्यात काही उरत नाही. म्हणून पावडर मडक्यात भरून, मडक्याला भोक पाडून विहिरीत सोडायची पद्धत आली. घरगुती लहान विहिरीला मात्र एका मडक्यातूनही क्लोरीन जास्तच सुटतो. नीरीने केलं ते असं: १ किलो ब्लिचिंग पावडर आणि २ किलो जाड वाळू जराशी ओली करून मिसळायची. ते मिश्रण आतल्या मडक्यात. आतल्या मडक्याला वर, काठाजवळ, १ सेंटिमीटरचं भोक. ते मडकं बाहेरच्या मोठ्या मडक्यात ठेवायचं, आणि बाहेरच्याला भोक खाली, बुडापासून ४ सेंटिमीटरवर. तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि दोरीने पाण्याच्या पातळीखाली निदान एक मीटर सोडायचं, म्हणजे वरून पडणाऱ्या बादलीने फुटणार नाही. एका भोकातून दुसऱ्यापर्यंत क्लोरीनला वळसा घालून जावं लागतं. साधारण ४५०० लिटरच्या आणि रोज साडेतीनशे-साडेचारशे लिटर उपसा असलेल्या विहिरीला हे मडकं दोन ते तीन आठवडे पुरतं. वीज नाही, माणूस नाही, यंत्र नाही. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना हे आजही सामाजिक आरोग्याच्या पुस्तकात 'डबल पॉट' म्हणून शिकवतात. आमच्याकडे याला 'रेट लिमिटर' म्हणतात आणि त्यासाठी वेगळा सर्व्हर लावतात. असो.

मडक्यात वेग भोकाने ठरतो. टनरमध्ये तो कशाने ठरतो? इथे ते सहा टनर सुटतात.

टनरच्या आत क्लोरीन द्रव असतो. टनर आडवा ठेवतात आणि त्याच्या एका तोंडावरच्या दोन झडपा एकीवर एक येतील असा फिरवतात. वरच्या झडपेतून वायू येतो, खालच्या झडपेतून द्रव. वायू काढला की आतला द्रव उकळून त्याची जागा भरतो. उकळायला उष्णता लागते, आणि टनरखाली शेगडी नाही. ती उष्णता लोखंडाच्या पत्र्यातून, भोवतालच्या हवेतून येते. जास्त घाईने वायू ओढला तर द्रव थंड पडतो, दाब उतरतो, टनरच्या खालच्या अर्ध्या भागावर बाहेरून दंव धरतं, आणि शेवटी वायू येईनासा होतो. आत सातशे किलो माल शिल्लक असताना!

जुना अमेरिकन ढोबळ नियम असा की साधारण २१ अंश सेल्सियसला एका टनरमधून दिवसाला ४०० पौंड, म्हणजे १८० किलोच वायू निघतो. तासाला साडेसात किलो. एवढा क्लोरीन उकळायला लागणारी उष्णता मी काढून बघितली, ती जेमतेम अर्धा किलोवॉट येते. बादलीत पाणी तापवायचा जो हजार वॉटचा रॉड घरोघरी असतो, त्याच्या निम्मी. टनरभोवतालची हवा त्याला तेवढीच देऊ शकते. आता भागाकार करा: रोजचे १००० किलो म्हणजे तासाला सुमारे ४२ किलो, भागिले साडेसात, उत्तर ५.६. म्हणजे सहा टनर. साठवण बघितली तर सव्वा टनर पुरेसा आहे, वेग बघितला तर सहा हवेत.

यात नागपूरकरांना न पटणारी एक गोष्ट आहे. आपल्याला सगळ्याच यंत्रांचा हिशेब मे महिन्यावर करायची सवय. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ ला गेला होता ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण टनरला नागपूरचा मे मानवतो, भरपूर वायू निघतो. अडचण आहे ती थंडीत. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंश होते. पहाटे १० अंशांच्या हवेत त्याच नियमाने टनर तासाला जेमतेम साडेचार-पाच किलो देतो, म्हणजे सहाच्या जागी नऊ-दहा टनर लागतात. अशा वेळी कुणाला तरी टनरवर गरम पाणी ओतायची किंवा बाजूला शेगडी ठेवायची बुद्धी होते. तसं कधीही करायचं नसतं. टनरच्या दोन्ही तोंडांना ७० अंशांच्या आसपास वितळणारी बुचं बसवलेली असतात. आग लागली तर टनर फुटू नये म्हणून केलेली ती सोय शेगडीलाही आगच समजणार.

अवांतर: टनर रिकामा होत आला हे दाबाच्या घड्याळावरून कळत नाही. आत थोडा जरी द्रव असेल तरी दाब तापमान ठरवतं, उरलेला माल नाही. म्हणून टनर वजनकाट्यावर ठेवतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरचंही हेच आहे.

तर, सहा चालू. ते एकदम संपले तर पाणी थांबत नाही, म्हणून दुसरे सहा राखीव, आपोआप बदलणाऱ्या झडपेवर. सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजवायला नको. एकूण बारा. बारा गुणिले ९०० म्हणजे १०,८०० किलो. या आकड्याशी जरा थांबायला हवं.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणीचे नियम आले. त्यात प्रत्येक रसायनापुढे दोन आकडे आहेत. क्लोरीनच्या साठवणीला ते १० टन आणि २५ टन असे आहेत. १० टन ओलांडले की जबाबदाऱ्यांचा एक थर लागू होतो, २५ ओलांडले की त्याहून कडक दुसरा. म्हणजे आपलं गणित, अजून गोदामात एकही टनर ठेवलेला नसताना, नुसत्या जोडलेल्या बारांवरच पहिली रेघ ओलांडतं. त्यावर 'पंधरा दिवसांचा साठा हवा' अशी ओळ टेंडरमध्ये पडली की आणखी १५ टन, आणि दुसरी रेघही गेली. ही ओळ लिहिणाऱ्याच्या मनात ट्रक न येण्याची भीती असते. ती खोटी नाही, पण ती एकाच बाजूची भीती आहे. भिंतीपलीकडे राहणाऱ्याची भीती नेमकी उलट आहे.

या दोन भीतींमधला कायदाही नागपुरातूनच चालतो. स्फोटकं आणि पेट्रोलियम सुरक्षेची केंद्र सरकारची संघटना, 'पेसो', तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. क्लोरीन स्वतः जळत नाही. पण १९३८ साली धातूच्या भांड्यात दाबून भरलेला वायू १८८४ च्या स्फोटक कायद्यात घातला गेला, आणि त्यातून १९४० चे गॅस सिलिंडर नियम निघाले. मग १९८१, २००४ आणि आता २०१६ चे. त्यात सिलिंडर म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा मोठं आणि १००० लिटरपर्यंतचं भांडं. आपला टनर या व्याख्येत बसतो. म्हणजे एवढी धुडाची वस्तू, जिला हलवायला क्रेन लागते, ती कागदोपत्री सिलिंडरच. दर दोन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाने तपासणी करून घ्यावी लागते.

संख्या कमी करायचा एक रस्ता आहे. खालच्या झडपेतून द्रवच काढायचा आणि बाहेर गरम पाण्याच्या टाकीत बसवलेल्या 'इव्हॅपोरेटर'मध्ये त्याचा वायू करायचा. मग भोवतालच्या हवेवर अवलंबून राहायचं कारण उरत नाही, एक टनर चालू आणि एक राखीव एवढ्यात काम होतं. ऐकायला छान. पण आता पाइपमधून वायूऐवजी द्रव वाहतो, आणि एक लिटर द्रव क्लोरीन बाहेर पडला की त्याचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. गळती झाल्यावर पहिला नियमच असा आहे की टनर लोळवून गळकी जागा वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू गळेल. (गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा काठीला बांधून फिरवतात, पांढरा धूर उठला की तीच जागा. आणि गळक्या टनरवर पाणी मारायचं नाही.) हवेच्या अडीचपट जड असलेला हा वायू जमिनीलगत सरकतो, खोलगट जागी साचतो. थोडक्यात काय, टनर कमी केले तर एकेका चुकीची किंमत वाढते. मला स्वतःला वायू ओढणाऱ्या सहा टनरांची गर्दी परवडली, असंच वाटतं.

रिकाम्या आणि विसरलेल्या सिलिंडरांचाही हिशेब ठेवावा लागतो. मुंबईत शिवडीजवळ हाजी बंदरावर १४ जुलै २०१० ला क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला. ते सिलिंडर कुठल्या चालू कामातले नव्हते, बंदरात वर्षानुवर्षं पडून होते.

मग एवढी जोखीम घ्यायचीच कशाला? कारण न घेतली तर ती दुसरीकडे जाते. नाग नदी शहरातून पूर्वेला वाहत पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. आपण फ्लश केलेलं भंडारा जिल्ह्यातल्या गावांच्या दारात जातं. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी विष्ठेतल्या जंतूंची मर्यादा १०० मिलिलिटरला १००० अशी ठरली. एप्रिल २०१९ मध्ये हरित लवादाने ती २३० वर आणायला सांगितली. कच्च्या सांडपाण्यात हा आकडा लाखांत, कोटींत असतो. नागपूरचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला थंडाव्यासाठी जातं, तिथे त्याचे तुषार उडतात आणि माणसं त्यात काम करतात, हे वेगळंच.

आणि ते '५ मिलिग्रॅम' सुद्धा देवाने दिलेलं नाही. पाण्यात अमोनिया आणि मळ जास्त राहिला असेल तर क्लोरीन आधी त्यांच्यावर खर्च होतो, जंतूंपर्यंत उरत नाही. मात्रा १० वर गेली की वरचे सगळे आकडे दुप्पट: बारा चालू, बारा राखीव, २१ टनांच्या वर. ब्लोअरची वीज वाचवली म्हणून आनंद मानणाऱ्या केंद्राला ती बचत टनरांच्या रूपात परत भरावी लागते. वस्तीशेजारचा साठा कमी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग क्लोरीनच्या खोलीत नाहीच, तो आधीच्या हवेच्या टाक्यांमध्ये आहे.

दुसरे पर्याय आहेत. सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वस्तीवर ढगासारखं चाल करून जात नाही. पण त्यात क्लोरीन दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज दहा टनांचा टँकर, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याचा जोर भराभर उतरतो. मिठाच्या पाण्यातून जागेवरच वीज सोडून क्लोरीन बनवता येतो, ब्रूस्टरला १८९३ मध्ये केला तसाच. एका किलोला सुमारे तीन किलो मीठ आणि चार-पाच युनिट वीज लागते. आपल्या गणिताला रोज तीन टन मीठ आणि साडेचार हजार युनिटच्या आसपास. साठवायला फक्त मीठ, आणि लागेल तेवढंच, लागेल तेव्हा. अतिनील प्रकाशाचे दिवेही आहेत, मात्र पाणी गढूळ असेल तर उजेड आतपर्यंत पोचत नाही, आणि कोराडीपर्यंतच्या पाइपमध्ये पुन्हा शेवाळ धरू नये म्हणून थोडा क्लोरीन लागतोच.

कोराडीला पोचल्यावर त्या पाण्याचं पुढे काय होतं, तो एका वेगळ्या शनिवारचा विषय.